जेवणात फळ घेतलं तर पोटात काय होतं?

जुळे सोलापुरातून एका ताईंनी मोठा प्रश्न पाठवलाय. थोडक्यात असा. वय 34, घरी नवरा, सासू-सासरे आणि सात वर्षांचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी घरात मोबाईलवर एक तक्ता आला: कलिंगड 20 मिनिटांत पचतं, सफरचंद 40 मिनिटांत, डाळभात तीन तासांत, म्हणून जेवणाबरोबर खाल्लेलं फळ अन्नावर अडकतं आणि सडतं. तेव्हापासून त्यांच्या ताटात फळ नाही. शिकरण बंद, दहीबुत्तीतले डाळिंबाचे दाणे बंद, लिंबाची फोडसुद्धा बंद. ताई स्वतः नियमाने सकाळी 11 वाजता रिकाम्या पोटी फक्त फळ खातात, एक मोठं सफरचंद किंवा वाटीभर कलिंगड, आणि एक वाजेपर्यंत पोट डब्ब होतं. रात्री तर जेवून उठल्यावर दहा मिनिटांतच पोट फुगतं. मुलगा शिकरण मागतो. सासऱ्यांना 18 वर्षांपासून साखर आहे आणि ते जेवणावर आंबा खायचं सोडत नाहीत. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य: ‘माझं हिमोग्लोबिन 9.2 आलंय, गोळ्या चालू आहेत.’

ताई, मी त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असलं की आम्ही त्याला ॲनिमिया म्हणतो. 9.2 म्हणजे जिना चढताना धाप लागत असेल, संध्याकाळी पाय गळून जात असतील, आणि ‘कामाचा थकवा’ म्हणून तुम्ही ते अंगावर काढत असाल. तुमच्या घरी भाकरी आहे, मेथी आहे, हुलगे-मटकी आहे, शेंगांची चटणी रोज आहे. यात लोह आहे. पण हे वनस्पतीतलं लोह, आतड्याला ते सहजी उचलता येत नाही. ज्वारीतले आणि डाळीतले फायटेट त्याला धरून ठेवतात, आणि जेवणावर लगेच चहा झाला की त्यातली टॅनिन उरलेल्यातलं आणखी अडवतात. या अडवणुकीतून लोह सोडवणारी घरातली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे क जीवनसत्त्व. ते लोहाला शोषता येईल अशा रूपात ठेवतं. फक्त ते त्याच जेवणात, त्याच घासांबरोबर पोटात असावं लागतं. अकरा वाजता खाल्लेल्या फळाचा दोन वाजताच्या भाकरीतल्या लोहाला काही उपयोग होत नाही. म्हणजे जेवण आणि फळ वेगळं ठेवण्याच्या या नियमाने तुमच्या ताटातून नेमकी तीच गोष्ट काढून घेतली, जिची तुम्हाला घरात सगळ्यात जास्त गरज होती. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे मी पुन्हा पुन्हा बघते. घरातले बाकीचे नियम मोडतात, घरातली बाई मात्र निमूट पाळते.

पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसायचं, मध्ये दोनदा-तीनदा चहा, दुपारी भाकरी-चटणी. त्यांना मी महागाची फळं कधीच सांगत नाही. पेरू सांगते. 100 ग्रॅम पेरूत सुमारे 200 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या जवळजवळ चौपट. तो वेगळा खायचा नाही, जेवणात खायचा. पिकलेला पण अजून हाताला घट्ट लागणारा पेरू घ्यायचा, मधला बियांचा गोळा काढायचा, गर बारीक चिरायचा. त्यात मीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर, दोन चमचे दाण्याचं कूट, आणि दह्याऐवजी अर्धं लिंबू. वर जिऱ्याची फोडणी. ही कोशिंबीर भाकरीबरोबर खायची आणि चहा तासाभराने घ्यायचा. पेरूचा हंगाम नसेल तेव्हा आवळा किंवा नुसतं लिंबू. लिंबू पिळायचं ते ताटात. कढईत उकळलं की त्यातलं क जीवनसत्त्व बरंच जातं.

गोळ्यांबद्दलही सांगते. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा रात्री दुधाबरोबर घेत असाल तर आजपासून ती पाण्याबरोबर घ्या. दोन महिने नियमित घेऊनही आकडा हलला नाही, तर रक्त जातंय कुठे ते डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवं. पाळीत जास्त जातं का, मूळव्याध आहे का, जंत आहेत का, या प्रश्नांना लाजू नका.

आता त्या तक्त्याकडे येऊ. फळ अन्नावर अडकून सडतं, हे ऐकायला पटतं, कारण उन्हाळ्यात ओट्यावर राहिलेलं चिरलेलं फळ संध्याकाळपर्यंत आंबतं हे आपण सगळ्यांनी बघितलंय. पण ओट्यावर आम्ल नसतं. जठरात ते इतकं तीव्र असतं की अन्नाबरोबर गेलेले बहुतेक जिवाणू तिथे तग धरत नाहीत. जेवल्यावर वरच्या भागात अन्न थोडा वेळ थराथरांनी राहतं, एवढं त्या तक्त्यातलं खरं आहे. पुढे खालचा भाग मिनिटाला सुमारे तीन वेळा आवळतो आणि सगळ्याची घुसळण करतो. भाकरी, आमटी, फळ यांचा एकच लगदा होतो, आणि एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक झालेले कण थोडे थोडे पुढे लहान आतड्यात जातात. जठर रिकामं व्हायला किती वेळ लागतो हे मोजायची तपासणी आहे. तिच्यात चार तासांनी दहा टक्क्यांहून कमी अन्न उरलेलं असेल तर ते नॉर्मल धरतात. फळ आधी बाहेर, डाळ नंतर, अशा वेगवेगळ्या रांगा तिथे नसतात.

पुढे स्वादुपिंडाचा रस येतो. त्यात पिष्ट पचवणारी, प्रथिनं पचवणारी आणि चरबी पचवणारी विकरं एकत्रच असतात. ती एकत्र असावीच लागतात, कारण आपलं एकही रोजचं अन्न ‘एकटं’ नसतं. 100 ग्रॅम तूरडाळ घ्या. तिच्यात 20 च्या वर ग्रॅम प्रथिनं आणि त्याच्या दुपटीहून जास्त कर्बोदकं असतात. प्रथिनं आणि पिष्ट एकत्र पचत नसतं तर साधं वरण कुणालाच पचलं नसतं.

तुमच्या सासूबाईंना वाटतं की हा तक्ता आपल्या जुन्या ग्रंथांतला आहे. तसं नाही. प्रथिनं आणि पिष्ट वेगळं खा, आंबट फळं पिष्टाबरोबर नकोत, हा विचार अमेरिकेत विल्यम हॉवर्ड हे (Hay, हे त्याचं आडनाव) या डॉक्टरने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात लोकप्रिय केला. फळं स्वतंत्र आणि कलिंगड-खरबूज तर एकदम एकटं खा, हे हर्बर्ट शेल्टन या अमेरिकी लेखकाचं. 2000 साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी 54 जाड व्यक्तींवर सहा आठवडे हे तपासलं. एका गटाला असं वेगवेगळं अन्न, दुसऱ्याला नेहमीसारखं मिसळलेलं, उष्मांक दोघांना सारखेच. वजन दोन्ही गटांत जवळपास सारखंच उतरलं.

आयुर्वेदात विरुद्ध आहाराचा विचार आहे आणि त्याचा मान ठेवूनच बोलते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 26 व्या अध्यायात आंबट फळं दुधाबरोबर घेऊ नयेत असं सांगितलंय, त्या यादीत केळंही आहे आणि डाळिंबही. अष्टांगहृदयात केळं आणि ताक एकत्र नको म्हटलंय. पण त्याच चरकाच्या त्याच अध्यायात पुढे हेही लिहिलंय, की जे अंगवळणी पडलंय, जे थोड्या प्रमाणात घेतलंय, ज्याचा अग्नी प्रदीप्त आहे, जो तरुण आहे, व्यायामाने बलवान आहे, त्याला विरुद्ध अन्न बाधत नाही. हा भाग कुणी कुणाला पाठवत नाही. आणि भावप्रकाशात गोड आंबा दुधाबरोबर घेतलेला बल वाढवणारा पण पचायला जड असा वर्णिलाय. सासूबाईंना हे वाचून दाखवा. त्यांच्या बोलण्यात पूर्ण चूक आहे असं नाही, पण सात वर्षांच्या दिवसभर हुंदडणाऱ्या पोराला वाटीभर शिकरण नाकारावी, असं त्या ग्रंथातूनही निघत नाही.

दुधाची भीती अजून एका कारणाने बसते, ती म्हणजे ‘पोटात दूध फाटतं’. माझ्याकडे येणाऱ्यांना मी कधी कधी समोरच करून दाखवते. काचेच्या पेल्यात कोमट दूध, त्यात लिंबाचे आठ-दहा थेंब. पाहता पाहता गुठळ्या होतात आणि समोरच्या माणसाचं तोंड वाकडं होतं. मग मी सांगते, की नुसतं दूध प्यायलात तरी पोटात हेच होतं. जठरातलं आम्ल लिंबापेक्षा तीव्र आहे. दूध तिथे गोठतं, गोठल्यामुळे हळूहळू पुढे सरकतं, आणि म्हणूनच नीट पचतं. तान्ह्या बाळाच्या तोंडातून दुधाच्या गुठळ्या बाहेर येतात त्या याच. ते दूध नासलेलं नसतं.

मग काहींना मिल्कशेक, फ्रूट सॅलड, शिकरण खरंच का बाधते? माझ्या अनुभवात त्यातल्या बऱ्याच जणांना फळ बाधत नाही, दूधच बाधतं. मोठेपणी लॅक्टेज हे विकर कमी होत जाणं आपल्याकडे फार सर्रास आहे. दुधातली साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू तिच्यावर तुटून पडतात, वायू होतो, पोटात गुरगुरतं, कधी जुलाब होतात. चहातलं दोन घोट दूध चालतं, पण पेलाभर मिल्कशेक चालत नाही, आणि नाव मात्र केळ्याचं खराब होतं. ओळखायचं सोपं आहे. दोन दिवस तेवढंच दूध फळाशिवाय प्या. तरीही पोट गुरगुरलं तर उत्तर मिळालं. अशांना दही-ताक बहुधा सोसतं, कारण विरजणात दुधातली साखर काही प्रमाणात आधीच मोडलेली असते. अननसाची गोष्ट मात्र वेगळी. ताज्या अननसात प्रथिनं तोडणारं ब्रोमेलेन असतं, त्यामुळे दुधा-दह्यात तो घालून ठेवला की थोड्या वेळाने कडवट लागतो. चवीचं नुकसान होतं, विष होत नाही. शिजवलेल्या अननसात हे विकर उरत नाही, म्हणून अननसाचा शिरा दुधातही चांगला होतो.

आता तुमचं पोट. तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि दोघींची कारणं वेगळी आहेत असं मला वाटतं.

रात्री जेवल्यावर दहा मिनिटांत जे फुगतं, ते त्या जेवणाने नाही. वायू मुख्यतः मोठ्या आतड्यात होतो, आणि आत्ता खाल्लेलं तिथवर पोचायला काही तास लागतात. पोटात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला हलायचा निरोप जातो, म्हणून तर काहींना जेवल्यावर लगेच शौचाला जावं लागतं. दुपारच्या आमटीतल्या कांद्या-लसणाचा, तूरडाळीचा, हरभऱ्याचा जो वायू आधीच साठलेला असतो, तो तेव्हा सरकायला लागतो आणि दोष रात्रीच्या ताटावर येतो. त्यात तुम्ही लिहिलंय की सगळ्यांची पानं झाल्यावर दहा वाजता घाईघाईत जेवता. घाईत घासाबरोबर हवा गिळली जाते. फळाची वेळ बदलण्याआधी जेवायची वेळ बदला. सगळ्यांबरोबर बसा, पाव तास लागला तरी चालेल.

अकरा वाजताचं मात्र फळाचंच आहे, आणि ते फळ तुम्ही नियमाप्रमाणे एकटं खाताय तरी होतंय, हे नीट बघा. सफरचंदात फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, ग्लुकोजपेक्षा जास्त असतं, शिवाय सॉर्बिटॉल, म्हणजे आतड्याला नीट न उचलता येणारा गोड पदार्थ, असतं. कलिंगडातही फ्रुक्टोज जास्त. आतड्याला फ्रुक्टोज एका मर्यादेपर्यंतच उचलता येतं आणि ही मर्यादा माणसागणिक वेगळी असते. उरलेलं मोठ्या आतड्यात जातं. ग्लुकोज सोबत असलं की फ्रुक्टोज जास्त चांगलं शोषलं जातं, म्हणून तुमच्यासारखीला मोठं सफरचंद रिकाम्या पोटी खाण्यापेक्षा त्याच्या दोन फोडी जेवणाबरोबर जास्त मानवतील. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने अशा वायू करणाऱ्या साखरांचा सविस्तर अभ्यास केलाय. त्यावरून आणि माझ्याकडच्या अनुभवावरून सांगते. तुमच्यासारख्या पोटाला पपई, मोसंबी, संत्रं, पेरू, नुकतंच पिवळं झालेलं केळं सोसतं. सफरचंद, नाशपाती, आंबा, कलिंगड बेताने. करमाळ्याकडची केळी बाजारात आली की घडातलं आधी घट्ट, डाग न पडलेलं केळं खा. काळे ठिपके पडलेल्या केळ्यात वायू करणाऱ्या साखरा वाढलेल्या असतात. डाळिंब आपल्या सोलापूरचं, सांगोल्याचं, ते सोडायचं कारण नाही. दहीबुत्तीवर मूठभर दाणे खुशाल घाला. वाटीभर एकदम खाल्ले तर कदाचित बाधतील.

तुम्ही एकादशीचं विचारलं नाहीत, पण तुमच्या तक्त्याला खतपाणी तिथूनच मिळतं म्हणून सांगते. आषाढी-कार्तिकीनंतर दोन दिवस माझ्याकडे पोट बिघडलेल्यांची रीघ असते आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, ‘केळी बाधली.’ मी विचारते, दिवसभरात काय काय खाल्लं? सकाळी साबुदाण्याची खिचडी, भरपूर कूट आणि तूप घालून. मग दोन केळी, दूध. दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. चार वेळा चहा. रात्री पुन्हा खिचडी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. पाणी जेमतेम. तूप आणि दाणे जठर रिकामं व्हायला वेळ लावतात, साबुदाण्यात तंतू जवळजवळ नसतातच. या सगळ्यात केळ्याचा वाटा सगळ्यात लहान असतो.

सासऱ्यांचं थोडं सविस्तर, कारण त्यांच्या बाबतीत फळ आणि जेवण यांचं गणित खरंच महत्त्वाचं आहे. आंब्याच्या 150 ग्रॅम गरात 20 ग्रॅमच्या वर साखर असते. भाकरी-भात नेहमीएवढाच खाऊन वर आंबा म्हणजे दोन्ही बेरजा एकत्र. पण तोच आंबा रिकाम्या पोटी एकटा खाल्ला तर साखर जास्त वेगाने चढते. भाजी, डाळ आधी आणि गोड शेवटी, या क्रमाने चढ मंदावते. म्हणून त्यांना मी सांगेन, की आंबा जेवणाच्या शेवटीच खा, पण त्या दिवशी भात नको आणि एक भाकरी कमी, आणि आंबा अर्धा, फोडी करून. रस नको. रसात दोन-तीन आंबे कधी गेले कळत नाही. दोन तासांनी साखर मोजा, म्हणजे वाद मिटेल. आणि साखर 70 च्या खाली उतरून घाम फुटला, हात थरथरले, तर फळ जेवणाआधी की नंतर असला विचार करू नका. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.

18 वर्षांच्या मधुमेहात दोन गोष्टी तपासायला सांगा. एक, किडनी. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, रक्तात पोटॅशियम जास्त असेल, तर केळं, शहाळं, डाळिंबाचा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दुसरी, चार घासांतच पोट भरतं का, दुपारचं जेवण रात्री उलटून पडतं का. जुन्या मधुमेहात जठराच्या नसा मंदावतात आणि अन्न खरोखरच पोटात रेंगाळतं. अशा माणसाला चोथ्याची फळं, संत्र्याच्या सालीसकट फोडी, त्रास देतात. तुमच्या तक्त्यातलं वर्णन कुणाला थोडंफार लागू पडत असेल तर ते अशा आजारी माणसांना.

उन्हाळ्याचं एक सांगून ठेवते. आपल्याकडे पारा 44 च्या वर जातो, नळाला रोज पाणी येत नाही, आणि रस्त्यावर बर्फाच्या लादीवर चिरलेलं कलिंगड मांडलेलं असतं. ‘कलिंगडावर पाणी प्यायलं म्हणून जुलाब झाले’ असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते तिथे खाल्लेलं असतं. दोष सुरीचा, बर्फाचा आणि माशांचा असतो. अख्खं कलिंगड घरी आणा, साल धुऊन मग कापा, उरलेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

आता तुम्ही करायचं ते सांगते. पंधरा दिवस एक वही ठेवा. काय खाल्लं, किती वाजता, पोट किती वाजता फुगलं, शौचाला कसं झालं, पाळीचा कितवा दिवस होता. फळ एका वेळी एकच बदला, तीन दिवस तेच खा, मग पुढचं. दोन-तीन फळं एकदम सुरू केली तर कुणाचं काय ते कळणार नाही. दुपारच्या जेवणात पेरू किंवा लिंबू आजपासूनच, त्यासाठी वहीची वाट बघू नका. मुलाला शिकरण द्या, साखर न घालता, केळ्याचा गोडवा पुरतो.

वजन आपोआप उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा शौच डांबरासारखं काळं होत असेल, गिळताना अडकत असेल, झोपेतून उठवणारं पोटदुखणं असेल, तर वही बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट होतंच, तेवढ्याने घाबरू नका. चिकट आणि उग्र वासाचं असेल तर मात्र दाखवा. हिमोग्लोबिनची पुढची तपासणी चार आठवड्यांनी करा, त्याबरोबर फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, करून घ्या, आणि येताना दोन्ही कागद व वही घेऊन या.